गुलालाच्या दिवसाची चप्पल

माझ्या संसारात गोडेतेल भाजीला लागलं त्याहून जास्त यांच्या टाचांना लागलं असेल. संध्याकाळी मी शाळेतून आले, चहा झाला, की हे पाय धुऊन पडवीत बसायचे आणि मी कोमट तेलाची वाटी घेऊन समोर. टाचांच्या भेगांत तांब्याच्या तारेचे बारके तुकडे सापडायचे, कारण यांचा धंदा मोटार रिवायंडिंगचा. नदीवरच्या पंपांच्या जळालेल्या मोटारी आमच्या दारात येऊन पडायच्या आणि हे त्यांच्यात नवी तार भरायचे. तेही अनवाणी. विजेचं काम करणारा माणूस अनवाणी बघून नवी गिऱ्हाइकं दचकायची. हे एका सागवानी फळीवर उभे राहून टेस्टर लावायचे. त्या फळीमुळे माझं कुंकू राहिलंय, असं मी चारचौघांत म्हणायचे. त्यात थट्टा थोडी आणि राग जास्त असायचा.

चप्पल परवडत नव्हती असं नाही. कोल्हापूर जिल्ह्यात राहून चपलेचा दुष्काळ कुणाला पडेल? यांनी शपथ घेतली होती. आणि शपथ कशासाठी, तर एका मतदारसंघासाठी.

तो मतदारसंघ आता नाही. गावं जागच्या जागी आहेत, नदी आहे, ऊस आहे, पण त्या सगळ्यांना मिळून जे एक नाव होतं ते पुनर्रचनेत पुसलं गेलं. होतं तेव्हा तिथं दोनच जाती होत्या, आमचा गट आणि समोरचा गट. पक्ष नावाला. पक्ष दोन्ही नेत्यांनी शर्टासारखे बदलले, एकदा तर एकमेकांचेच घातले, पण गट हलला नाही. चहाचं हॉटेल गटाचं, दूध डेअरी गटाची, तालीम गटाची. सोयरीक जुळवताना पत्रिकेच्या आधी गट बघायचे. मी मुरगूडकडून लग्न होऊन या गावात आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात कुठल्या गिरणीत दळण टाकायचं नाही ते सांगून ठेवलं. त्या गिरणीत पीठ बारीक यायचं. पण ती समोरच्या गटाची.

आमदारकी वर्षानुवर्षं समोरच्या गटाकडे होती. आमचे साहेब तरुण होते, बोलायला चांगले, कोल्हापुरात बंगला, त्यांच्या गावात वाडवडिलांची शेती. पंच्याण्णवच्या निवडणुकीआधी आमच्या देवळासमोर त्यांची सभा झाली. मी सरकारी शाळेतली शिक्षिका, मला सभेला जायची परवानगी नाही, म्हणून मी बायकांच्या मागं पदर पुढं ओढून बसले होते. साहेब बोलून बसले आणि हे उठले. या माणसानं तोवर माईक फक्त दुरुस्तीला हातात घेतलेला. यांनी देवाचा भंडारा उचलला आणि म्हणाले, "साहेब या मतदारसंघाचं आमदार हुईपातूर पायात चप्पल घालणार न्हाय." मग पायातल्या चपला काढून मंडपाबाहेर फेकल्या. टाळ्या, शिट्ट्या, हलगी. साहेबांनी उठून यांना मिठी मारली. शेजारीण माझ्या मांडीला चिमटा काढून म्हणाली, "बाई, तुमचं मालक लईच की."

मला वाटलं, महिन्या-दीड महिन्याचा प्रश्न आहे. साहेब यंदा निवडून येणार असं सगळेच म्हणत होते. घरी येताना मी अंधार पडायच्या आत त्या फेकलेल्या चपला शोधल्या, तर त्या कुणीतरी घालून गेला होता.

मतदानाच्या दिवशी मी गावात नव्हते. शिक्षकांना निवडणुकीचं काम चुकत नाही, आणि आपल्या मतदारसंघात ते कधी मिळत नाही. मला दरवेळी बोटाला शाई लावायचं काम यायचं. एकदा गगनबावड्याच्या बाजूला, एकदा शिरोळच्या बाजूला, दिवसभर परक्या बोटांना शाई लावायची आणि रात्री पेट्या जमा करून अवघडलेल्या पाठीनं ट्रकमधून परतायचं. त्यामुळे आमच्या साहेबांना मी एकदाही मत दिलेलं नाही. ड्युटीवरच्यांना पोस्टानं मत देता येतं, हे मी घरात कुणाला बोलले नाही आणि कुणी विचारलंही नाही. जिच्या नवऱ्यानं चप्पल सोडली तिच्या मताची कोण खात्री करतो?

साहेब पडले.

आमच्याकडे निकालाच्या आधीच गुलाल आणून ठेवायची रीत आहे. आणला नाही तर आपल्याच माणसावर आपला भरवसा नाही असं दिसतं. म्हणून दोन्ही गट पोती आणतात आणि एका गटाची हमखास उरतात. यांनी पोती आमच्या माळ्यावर रचली होती. दुपारी समोरच्या गटाची मिरवणूक मुद्दाम आमच्या दारावरून गेली. उंबरा, तुळस, दारातल्या मोटारी, सगळं त्यांच्या गुलालानं लाल. मी बादली घेऊन धुवायला निघाले तर हे म्हणाले, "राहू दे. बघू दे मला." आणि फळीवर पाय घेऊन संध्याकाळपर्यंत तसेच बसून राहिले. तेव्हा मला त्यांची खरोखर दया आली. आमची पोती पुढं रंगपंचमीला पोरांनी संपवायला घेतली, तरी थोडी उरलीच.

दुसऱ्या दिवशी हे एसटीनं कोल्हापूरला साहेबांच्या बंगल्यावर गेले. सगळेच कार्यकर्ते जात होते, हरलेल्या नेत्याला भेटायला जाणं म्हणजे एक प्रकारचा दुखवटाच. संध्याकाळी परत आले ते काखेत पुठ्ठ्याचा खोका घेऊन. मी उघडून बघितलं तर आत अस्सल कोल्हापुरी, जाड तळाची, वेणीच्या पट्ट्याची, नव्या कातड्याचा वास येणारी. मला वाटलं, सुटली शपथ. मी हसून म्हटलं, "पायाची वहाण पायीच बरी. घाला आता."

"आत्ता न्हाय. गुलालाच्या दिवशी घालायची."

"मग आत्ताच कशाला आणली?"

"असू दे म्हटलं," एवढंच बोलून त्यांनी खोका फडताळावर ठेवला. कातडं पडून राहिलं की कडक होतं, तडकतं. म्हणून दर दिवाळीला फराळाचं आटोपलं की मी ती चप्पल काढायचे, पुसायचे, तेल लावून उन्हात ठेवायचे. एका नवऱ्याचे पाय आणि एका चपलेचा जोड, दोन्ही मऊ ठेवायचं काम माझ्याकडं आलं.

त्या शपथेनं यांचं आयुष्य बदललं, हे मात्र मान्य करायला हवं. आधी हे गावातले एक मोटारवाले होते. आता साहेब कुठंही गेले की यांना गाडीत घ्यायचे. सभेत पहिल्या रांगेत खुर्ची, आणि सभा मोठी असली तर व्यासपीठावर, अगदी कडेला, पण व्यासपीठावर. साहेब भाषणात यांच्याकडं हात करून म्हणायचे, "हा बघा माझा अनवाणी गडी." मग सगळी माणसं मान उंच करून यांच्या पायांकडं बघायची. मुंबईहून एक मोठे नेते आले होते, त्यांनी यांचे पाय बघून हात जोडले. ते आमच्या घरात सहा महिने पुरलं. जेवताना, झोपताना, मोटार खोलताना, "हात जोडलं की त्यांनी."

नव्याण्णवला साहेब पुन्हा पडले. पावसाळा सरत आलेला, मी गगनबावड्याच्या घाटमाथ्यावर एका गळक्या शाळेत शाई लावत होते. पुढं निकालाच्या दिवशी शाळेतून आले तर दारातला गुलाल चिखलात मिसळून विटेसारखा झालेला. या वेळी हे बघत बसले नाहीत, मी धुवायला लागले तर पाणी ओतून दिलं. आम्ही दोघंही सरावलो होतो.

मग मुलीचं लग्न झालं. मे महिना, फरशी तापलेली, आणि नवरीचा बाप अनवाणी. पाहुणे नवरीकडं कमी आणि यांच्या पायांकडं जास्त बघत होते. व्याह्यांना वाटलं काही नवस आहे. ते भाविकपणे म्हणाले, "कुठल्या देवाचा हो?" मी म्हटलं, "विधानसभेचा." मुलगी माझ्यावर रागावली, पण मला तरी किती दिवस गंभीर चेहऱ्यानं सांगायचं ते? आपल्या लेकीच्या पाठवणीला तापल्या रस्त्यावर पाय उचलत-टेकत चालणाऱ्या नवऱ्याचा मला अभिमान वाटायला हवा होता. मला फक्त थकवा आला होता.

दोन हजार चारला मशीनं आली. शिक्का गेला, बटण आलं, शाई तेवढी तीच. साहेब तिसऱ्यांदा पडले, आणि या वेळी अगदी थोडक्यात. थोडक्यात पडणं सगळ्यात वाईट. जो सपशेल पडतो तो कधीतरी घरी बसतो, जो थोडक्यात पडतो तो पुढच्या वेळच्या तयारीला लागतो. हेही लागले.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात यांच्या डाव्या टाचेला तेल लावताना माझ्या बोटाला काही टोचलं. बघितलं तर तारेचा तुकडा चांगला आत रुतलेला, भोवती पू. मी म्हटलं, "दुखत नव्हतं?" म्हणाले, "काय?" त्यांना खरंच माहीत नव्हतं. कोल्हापूरला दवाखान्यात नेलं. शुगर निघाली, आणि भरपूर. डॉक्टरांनी यांना डोळे मिटायला सांगितले आणि एक नायलॉनच्या धाग्यासारखं काहीतरी तळव्याला जागोजागी टेकवत म्हणाले, "लागलं की सांगा." हे गप्प. डॉक्टरांनी दोन्ही तळवे पूर्ण केले आणि धागा खाली ठेवला. तेव्हा हे डोळे मिटूनच म्हणाले, "करा की डॉक्टर सुरू."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मग यांना स्पष्ट सांगितलं की पायांची जाणीव गेली आहे, मऊ चपलेशिवाय एक पाऊलही टाकायचं नाही, आता एखादी जखम चिघळली तर पाय काढावा लागेल. दवाखान्याच्या बाहेरच अशा चपला मिळत होत्या, काळ्या, स्पंजासारख्या. मी घेतल्या. यांनी त्या हातात धरून आणल्या, स्टँडवरून हातात, एसटीत मांडीवर, आणि घरी आल्यावर फडताळावर त्या खोक्याशेजारी ठेवल्या.

"साहेब निवडून येऊ देत," म्हणाले. "आता एकच इलेक्शन."

मी भांडले. रडले, अबोला धरला, मुलीला बोलावून घेतलं. रोज यांचे तळवे उजेडात निरखून जखमा शोधायचं नवं काम मागं लागलं. त्या पायात जाणीव नव्हती आणि मला दिवसभर वर्गात पाढे घेतानाही तो पायच दिसायचा. तीन वर्षं अशी काढली.

आणि मग पेपरात पुनर्रचनेची बातमी आली. आमचा मतदारसंघ रद्द. अर्धी गावं इकडच्या मतदारसंघात, अर्धी तिकडच्या. साहेबांचं गाव एकीकडं, आमचं दुसरीकडं. हे पेपर गुडघ्यावर पसरून सकाळभर बसले होते. जळलेली मोटार बघताना बसायचे तसे, आता यात काही राहिलं आहे का हे बघत.

दुपारी दारातल्या मोटारींच्या दुकानात माणसं जमली आणि शपथेचं काय यावर वाद सुरू झाला. मी आतून ऐकत होते.

एक म्हणाला, "मतदारसंघच न्हाय तर आमदार कशाचा? सुटली की शपथ."

"सुटतीय कशी?" दुसरा म्हणाला. "द्येवाम्होरं भंडारा उचललाय. द्येवाला काय नकाशा बदललेला ठाव हाय व्हय?"

"मग काय जलमभर असंच?"

"ते साहेबांनी सांगाय पायजे. ज्याच्यासाठी सोडली त्यानं म्हटलं पायजे, घाल बाबा."

हे मोटारीत तार भरत राहिले. सगळे गेल्यावर मी फडताळावरची काळी चप्पल काढून यांच्यापुढं ठेवली. यांनी पायानं ती बाजूला सारली. सुंभ जळला तरी पीळ काही जात नाही. मी मनाशी म्हटलं, ठीक आहे, साहेबांनीच सांगायला पाहिजे ना? मग सांगू दे.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी यांना न सांगता कोल्हापूरची गाडी पकडली. साहेबांच्या बंगल्यावर पूर्वीची गर्दी नव्हती. साहेब शेजारच्या मतदारसंघात चाचपणी करत होते, तिकडची दोन-चार माणसं बसलेली. मला त्यांनी लगेच ओळखलं, "या बाई," म्हणून आत बसवलं, चहा सांगितला. केस पिकले होते. थकलेले वाटले, आणि खरं सांगायचं तर मला माझ्याच गटातला माणूस भेटल्यासारखं वाटलं. मी सगळं सांगितलं, शुगर, जखम, डॉक्टर. म्हटलं, "तुम्ही एक शब्द टाका. तुमच्या तोंडून सुटल्याशिवाय ते चप्पल घालणार नाहीत."

साहेब माझ्याकडं बघतच राहिले.

"बाई, ते मी कवाच सांगितलंय की."

"कधी?"

"पहिल्यांदा पडलो तवाच. दुसऱ्या दिवशी ते आलते हितं. मी माणूस धाडून नवा जोड आणवला. वेणीच्या पट्ट्याचा, चांगला. हितंच, या खुर्चीवर बसवलं आन् म्हटलं, घाला. इलेक्शन मी हरलोय, पाय तुम्ही कशाला हरताय? तर म्हणाले, घरी जातो, द्येवाला दावतो आन् घालतो."

चहा आला होता. मी कप उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

"फुडं बघतोय तर परत अनवाणीच," साहेब म्हणाले. "आणिक एकदा म्हटलं मी. हसलं नुसतं. मग म्हटलं, असंल हौस." मग खिडकीकडं बघत म्हणाले, "तुम्हाला खोटं कशाला सांगू बाई. सभेत माणसं त्यांच्या पायाकडं बघायची, तवा मलाबी बरं वाटायचं. मग मीबी इचारलं न्हाय."

जाताना ते म्हणाले, इलेक्शन जवळ आलं की ते स्वतः गावात येतील, चार माणसं बोलावून छोटा कार्यक्रम करू, आपल्या हातानं चप्पल घालू. त्यांच्या मनात वाईट नव्हतं. मी म्हटलं, "पाय तोवर थांबायचा नाही, साहेब," आणि बाहेर पडले.

एसटीत खिडकीशी बसून मी त्या दिवाळ्या आठवत होते. शपथ सुटल्याचा तो जोड आणि त्यालाच मी वर्षानुवर्षं तेल लावत आले. संताप असा की वाटलं, घरी जाऊन खोका दारात फेकावा, सगळ्या गावासमोर. पण गाडी जसजशी गावाकडं आली तसतसं मला व्यासपीठाच्या कडेची ती खुर्ची दिसायला लागली. चप्पल घातली असती तर दुसऱ्या दिवसापासून हे पुन्हा मोटारवाले झाले असते. राग गेला नाही, पण त्याच्यात जोर राहिला नाही.

घरी आले तेव्हा ऊन कलत होतं. हे पडवीत फळीवर पाय ठेवून बसलेले, टाचेला नव्या जखमेची पट्टी. मी सकाळची शाळा संपून संध्याकाळी येतेय म्हणजे कुठं गेले होते हे त्यांनी ओळखलं होतं.

"साहेबांकडं गेलतीस?"

"हो."

"वळखलं तुला?"

"ओळखलं."

"माझं काय म्हणालं?"

मी आत गेले, फडताळावरून पुठ्ठ्याचा खोका आणि काळी चप्पल काढली, आणि खोका आणून यांच्यापुढं ठेवला. झाकण काढलं. यांनी चपलेकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि मान खाली घातली. रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला.

"त्या दिशी घातली असती," हे हळू म्हणाले, "तर मला कोण इचारणार होतं गं?"

"मी विचारत होते," मी म्हटलं. "मी रोज विचारत होते."

यांनी डोळे पुसले. मग एकाएकी निश्चय केल्यासारखे ताठ बसले, डावा पाय फळीवरून खाली घेतला आणि चपलेत सरकवला. नजर मात्र वर, माझ्या तोंडाकडं, पहिल्यांदा व्यासपीठावर चढताना होती तशी. मी खाली बघितलं. इतकी वर्षं मोकळा राहून पाय पसरला होता. बोटं पट्ट्याशीच अडकली होती, अर्धी टाच बाहेर मातीत टेकलेली.

"गेली काय गं आत?" यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "नाही गेली." मी खाली बसले, ती कोल्हापुरी ओढून काढली, पाय पुसला आणि मऊ काळी चप्पल चढवून तिचा पट्टा लावला. हे अजून माझ्या तोंडाकडंच बघत होते, पायाकडं नाही.

"जरा जोर लाव की," म्हणाले. "जाईल."